बिननावाचा कागद

सोलापूर,
३ ऑगस्ट २०२५

सिद्धे,

तू गेलीस त्या दिवशी धुळाप्पा फळ्यासमोर उभा राहून म्हणाला, आता आपलं चुकलं तर सांगणार कोण? चेहरा असा केला होता की मला म्हणावं लागलं, अरे, मेली नाही ती, मंगळवेढ्याला गेलीय.

पत्र बघून हसू नकोस. हत्तुरे सरांनी धुळाप्पा, अजिंक्य आणि मी, आम्हा तिघांचे फोन काढून घेतलेत आणि गणित विभागाच्या कपाटात टाकलेत. पुण्याची गणिताची स्पर्धा होईपर्यंत दिवसाला दहा मिनिटं मिळणार, तीही घरी बोलायला, त्यांच्या डोळ्यांदेखत. गणिताचा फोटो कुणाला पाठवायचा नाही. अजिंक्यनं तोंड वाकडं केलं तर म्हणाले, आम्ही पोस्टकार्डावर भूमिती शिकलो, तुम्हाला काय धाड भरलीय?

पुण्याला दोनच नावं जाणार हे तुला माहीतच आहे. डब्याची पद्धतही तीच. शनिवारी दुपारी प्रत्येकानं आपला कागद चटणीच्या त्या रिकाम्या डब्यात टाकायचा, कागदावर नाव घालायचं नाही. सर एकेक काढणार, बाकीच्यांनी त्यात भोक शोधायचं. भोक नाहीच सापडलं तर सर विचारणार, ‘कोणाचा?’ आणि मग ज्याचा त्यानं हात वर करायचा. नाव आधी कळलं की दया येते, हे सरांचं वाक्य तुला पाठ असेल.

तर ऐक. तू कागद मला पाठव. तुझं मुंगीएवढं अक्षर सर लांबूनही ओळखतील, म्हणून मी तो माझ्या हातानं उतरवून डब्यात टाकीन, आणि तुझ्या वतीनं हातही मीच वर करीन. एवढंच कर, की पत्र वेगळ्या कागदावर लिही आणि गणित वेगळ्या. पहिलं गणित सोबत आहे. घरी बसलीस म्हणून सुटलीस असं समजू नकोस.

तुझी,
उत्कर्षा

मंगळवेढा,
९ ऑगस्ट

उत्की,

तुझं पाकीट आलं तेव्हा पोस्टमननं अव्वाला विचारलं, कुणाच्या लग्नाची पत्रिका? आमच्या गल्लीत पत्र येतं ते कोर्टाचं नाहीतर लग्नाचं. तिसरं काही असतं हे त्यालाही नवीन होतं.

लकव्यानं अप्पांची डावी बाजू गेली ती गेलीच. बोलणंही गेलंय. एक शब्द तेवढा उरलाय, ‘साकु’. घरात आम्ही कानडी बोलतो, आईला म्हणायचं अव्वा आणि पुरे म्हणायचं असलं की साकु. पाणी पाजलं की साकु, भात भरवला की साकु, मी नुसती जवळ बसले तरी साकु. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. अव्वाला एकटीला ते उचलत नाहीत.

श्रीमंतकाकांनी मला समोर बसवून सांगितलंय. ‘पोरी, यादीत तुजं नाव लागलं म्हणून सरांच्या सहीचा कागूद दाव, मी तुज्या काकूला हितं आणून बसवतो, तू जा पुण्याला. न्हाय लागलं तर कॉलेजातनं नाव काढून आणतो. घरात हात कमी हायत.’ काका वाईट नाहीत गं, रोखठोक आहेत. म्हणजे माझं सगळं कॉलेज त्या चटणीच्या डब्यात आहे आणि डबा तुझ्या हातात आहे.

गणित सुटलं. दोन कुशींच्या मधे दोन तास मिळतात, ते पुरले. माझी निळी वही तुझ्या खोलीवर राहिलीय, पुढच्या पत्राबरोबर पाठवशील का? आणि सर काय म्हणाले ते लिही.

सिद्धेश्वरी

सोलापूर,
१८ ऑगस्ट

सिद्धे,

शनिवारी तुझा कागद निघाला. धुळाप्पानं पंचवीस मिनिटं घाम गाळला. अजिंक्य दोनदा ‘सापडलं’ म्हणून उठला आणि दोनदा खाली बसला. शेवटी सर म्हणाले, ‘कोणाचा?’ मी हात वर केला. सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी चष्मा पुसला म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

पुढची दोन गणितं सोबत आहेत. एक विनंती. पायऱ्या गाळत जाऊ नकोस. तू ‘हे उघड आहे’ असं लिहून मोकळी होतेस, ते आमच्यासारख्यांना उघड नसतं. सर मधेच कुठंतरी बोट ठेवून ‘का?’ म्हणतात. तेव्हा मला सांगता आलं पाहिजे ना, तुझ्या वतीनं?

हॉस्टेलात आमटीला पुन्हा पाणी वाढलंय. तू सुखात आहेस.

उत्कर्षा

मंगळवेढा,
६ सप्टेंबर

उत्की,

दोन्ही सोडवलीत. या वेळी प्रत्येक पायरीला कारण लिहिलंय. अगदी तिसरीतल्या पोराला सांगावं तसं, रागावू नकोस. लिहिताना बरंच वाटलं. आपल्याला जे उघड वाटतं ते का उघड आहे, हे आपल्यालाही माहीत नसतं.

इथं काकांची ज्वारीच्या पेरणीची तयारी चाललीय, त्यामुळं दिवसभर घरात आम्ही तिघंच. मी अप्पांना गणित मोठ्यानं वाचून दाखवते. परवा दुसऱ्या गणिताची शेवटची ओळ वाचली आणि ते म्हणाले, साकु. मी म्हटलं, अप्पा, बरोबर, इथंच संपतं. अव्वा हसली. किती दिवसांनी.

यादी कधी लागणार? लागण्याआधी सरांना एकदा नावानिशी सांग, की हे कागद सिद्धेश्वरीचे. तुझ्या हातावरून त्यांचा घोटाळा व्हायला नको. अव्वा रोज विचारते, तुजी मैत्रीण सांगती न्हवं तितं? मी सांगते, उत्की आहे, काळजी नाही.

निळी वही विसरू नकोस.

सिद्धेश्वरी

सोलापूर,
२७ सप्टेंबर

सिद्धे,

घाईत लिहितेय. कागद झकास. यादी अजून लागलेली नाही, सरांचं काय चाललंय देव जाणे. तुझ्याबद्दल बोलणं झालंय माझं, तू निश्चिंत राहा.

नवं गणित सोबत आहे. हे जरा लवकर हवंय. आणि एकाच रीतीनं नको, दोन रीतींनी सोडव, म्हणजे सरांनी आडवं विचारलं तर अडायला नको.

उत्कर्षा

मंगळवेढा,
१९ ऑक्टोबर

उत्की,

अप्पा सोमवारी, तेरा तारखेला गेले.

सकाळी सातची कूस मी बदलली. नऊची बदलायला गेले तेव्हा गरज नव्हती.

जंगमस्वामी आले, विभूती लावली. आमच्यात बसवून पुरतात, तसं शेताच्या कडेला बसवलं. इतक्या महिन्यांत अप्पांना बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. लोक विचारतात, शेवटी काही बोलले का? काय सांगू. आदल्या संध्याकाळी पाणी पाजलं तेव्हा साकु म्हणाले.

मला वाटलं होतं, आता काका सोडतील. ते म्हणाले, ‘आता तुजी आई एकटी हाय. कागूद दाव, मग जा.’ यादी लागली असेल तर सरांची दोन ओळींची चिठ्ठी घेऊन पाठव.

गणित रविवारीच सुटलं होतं, ते सोबत आहे. दोन रीतींनी. उत्की, मला तुझं एक पत्र हवंय. त्यात गणित नसलं तरी चालेल.

सिद्धेश्वरी

सोलापूर,
१ नोव्हेंबर

सिद्धे,

जिंकलीस गं! दुसरी रीत बघून धुळाप्पानं कपाळाला हात लावला. म्हणाला, हे माणसाचं डोकं आहे की काय?

आता मोठं काम आलंय. चौदा डिसेंबरला पुण्यात प्रत्येक स्पर्धकाला एक प्रमेय फळ्यावर पंधरा मिनिटांत सिद्ध करून दाखवायचंय. विषय आलाय, सोबत आहे. नियम असा की ते मार्गदर्शक सरांनाही दाखवायचं नाही, पाकीट बंद करून द्यायचं. तुझ्याशिवाय हे कुणाच्या आवाक्यातलं नाही. तू लिहून ठेव, यादीचं माझ्यावर सोपव. स्वच्छ अक्षरात लिही, फळ्यावर उतरवायला सोपं जाईल असं.

दिवाळीला श्रीपूरला जाऊन आले. बाबांच्या कारखान्याचा भोंगा ऐकल्याशिवाय मला सण वाटत नाही. तुझ्या अप्पांना माझा नमस्कार सांग. थंडीची चाहूल लागलीय, आता उठून बसत असतील.

उत्कर्षा

सोलापूर,
१० नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वडिलांचे निधन झाल्याचे धुळाप्पाच्या मामांकडून काल समजले. गुरप्पांना मी एकदाच भेटलो होतो, तुझ्या प्रवेशाच्या दिवशी. मुलीच्या गणिताबद्दल ते माझ्याशी अर्धा तास बोलले होते. ईश्वर तुम्हाला बळ देवो.

एक खंत मोकळेपणाने लिहितो. तू घरी गेलीस तरी कागद पाठवशील अशी माझी अपेक्षा होती. तशी सोय मी उत्कर्षाकरवी कळवली होती. तीन महिन्यांत तुझा एकही कागद आला नाही. घरची अडचण मी समजू शकतो, पण रिकाम्या जागेवर नाव लिहिता येत नाही. ९ सप्टेंबरला यादी लावली, तीत उत्कर्षा आणि धुळाप्पा आहेत. उत्कर्षाने तर मला चकित केले. तीस वर्षांत असे कागद मी फार थोडे पाहिले. त्यांत पुष्कळदा तुझी विचार करण्याची ढब दिसते. तुमच्या मैत्रीचा तिला लाभ झाला, असेच मी मानतो.

प्रकृतीस जपावे.

हत्तुरे

मंगळवेढा,
१८ नोव्हेंबर

उत्की,

तुझं पत्र पोचलं. शेताच्या कडेला जाऊन अप्पांना तुझा नमस्कार सांगितला. ते बसलेलेच आहेत, तू म्हणालीस तसे.

पेरलेली ज्वारी वीतभर आलीय. काकांच्या गाईला कालवड झाली. अव्वानं काकूसाठी शेंगांची चटणी कुटली, थोडी तुझ्यासाठी काढून ठेवायला गेली, मी म्हटलं राहू दे. निळी वही मी चार महिन्यांत दोनदा मागितली. तू एकदाही नाही म्हणाली नाहीस, हो म्हणाली नाहीस. अप्पा गेले हेही मी लिहिलं होतं. आता मला कळलंय की तू पाकीट फोडतेस, गणिताचा कागद काढून घेतेस आणि पत्र तसंच परत आत सरकवतेस. बरोबर ना?

सरांचंही पत्र आलं. त्यांना माझा एकही कागद मिळालेला नाही. तुझे मात्र फार चांगले मिळालेत.

म्हणून आज आपल्या डब्याचा खेळ आपण दोघींतच खेळू. सोबतच्या कागदावर प्रमेयाची सिद्धता आहे. चौथ्या पायरीत भोक आहे. मी ते मुद्दाम ठेवलंय. तिथं मी दोन्ही बाजूंना ज्या पदानं भागलंय, ते पद शून्यही असू शकतं, आणि शून्यानं भागता येत नाही हे शाळेतलं पोरही सांगेल. कागद इतका नीट लिहिलाय की नुसतं पाठ करणाऱ्याला ते दिसणार नाही. भोक बुजवायचं तेही सांगते. ते पद शून्य आलं तर तो बिंदू सोडून दुसरा घ्यायचा. फलन स्थिर नाही, त्यामुळं जिथं ते पद शून्य नाही असा बिंदू सापडतोच. दोन ओळींचं काम आहे. तू हे वाचलंस तर तुझं काही बिघडणार नाही.

फक्त सरांना सांग, ते कागद कोणाचे होते. मी सांगून काय उपयोग, सगळे तुझ्या अक्षरात आहेत. काका एक डिसेंबरला माझा दाखला काढायला कॉलेजात येणार आहेत. त्याआधी सांग. मग पुण्याला तूच जा, फळ्यावर तूच उभी राहा, मला त्याचं काही नाही. मला कॉलेज हवंय.

पत्र वाचलंस तर कळव. नाही वाचलंस तर कळेलच.

सिद्धेश्वरी

सोलापूर,
२ डिसेंबर

सिद्धे,

काय कागद आहे गं! किती स्वच्छ. दोन दिवसांत तोंडपाठ झाला. चौथी पायरी तर मला सगळ्यांत आवडली, एका फटक्यात सगळं कसं सुटसुटीत होऊन जातं. बंद पाकिटात घालून दिलासुद्धा.

आता एक सांगायचं आहे, रागावणार नाहीस ना? यादी लागली. माझं आणि धुळाप्पाचं नाव आहे. मी सरांना पुष्कळ सांगून पाहिलं, पण हजेरीचा प्रश्न आला. बाबांनी तर कारखान्याच्या कॉलनीत घरोघर पेढे वाटले, आता मला मागं फिरता येत नाही. पुढच्या वर्षी तूच. आणि खरं सांगू? तुला काय, घरी बसूनही गणित येतं. आम्हाला इथं बसूनही येत नाही. कुणालातरी याचा उपयोग व्हायला हवा ना?

काल तुझे काका कॉलेजात दिसले. ऑफिसबाहेर बाकावर बसले होते, हातात कसलेसे कागद. मी घाईत होते, बोलले नाही. अप्पांची काळजी घे.

उत्कर्षा

श्रीपूर,
२१ डिसेंबर

सिद्धेश्वरी,

हे पत्र तू फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

चौदा तारखेला मी फळ्यासमोर उभी राहिले. तीन पायऱ्या झाल्या. चौथी लिहिली आणि परीक्षकांतल्या एका बाईंनी विचारलं, हे पद शून्य असलं तर? मला वाटलं, त्यांना समजलं नाही. मी तीच ओळ पुन्हा वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, ते ऐकलं मी, शून्य असलं तर काय? मी तिसऱ्यांदा वाचली. मग सभागृहात कुणीतरी हसलं. अकरा मिनिटं मी हातात खडू घेऊन उभी होते. हत्तुरे सर दुसऱ्या रांगेत होते. परतीच्या गाडीत त्यांनी एकच विचारलं, ‘ते सगळे कागद कोणाचे होते?’ मी खिडकीबाहेर बघत बसले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चष्माही पुसला नाही.

घरी आल्यावर तुझी सगळी पाकिटं काढली. काल पहिल्यांदा वाचली, तारखेनं लावून. तुझे अप्पा तेरा ऑक्टोबरला गेले, हे मला काल कळलं. मी काय काय लिहिलं होतं तुला, तेही आठवलं. सिद्धे, मला तोंड नाही.

पहिल्या वेळी मी खरंच तुझ्या वतीनं हात वर केला होता. ‘सिद्धेश्वरीचा’ म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सर म्हणाले, ‘शाब्बास, उत्कर्षा.’ आजवर मला ते कुणी म्हटलं नव्हतं. मी तोंड मिटलं. मग पुढच्या शनिवारी उघडता येईना. तुझी पत्रं वाचली असती तर उघडावं लागलं असतं, म्हणून वाचणंच टाळलं. कागद तेवढे काढून घेत होते.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. कॉलनीतले लोक विचारतात आणि ते खाली मान घालून कारखान्यात निघून जातात. सात दिवस झाले, ताट समोर ठेवलं तरी ते वर बघत नाहीत. आई म्हणते, त्यांचा रक्तदाब वाढलाय, उजव्या हाताला मुंग्या येतायत. मला भीती वाटते. तुझ्याकडं असंच सुरू झालं होतं का गं? आधी काय काय झालं होतं, तेवढं लिही. दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर ते माझ्याबरोबर यायला तयार नाहीत.

सरांना मी सगळं सांगेन. तू म्हणशील त्या दिवशी. तुझी निळी वही सोबत पाठवतेय. तुझ्या एका ओळीची वाट बघतेय.

उत्कर्षा

मंगळवेढा,
२ जानेवारी २०२६

उत्कर्षा,

तुझं पाकीट मिळालं. निळी वही पोचली. दाखला काकांनी एक डिसेंबरलाच आणला, त्यामुळं वहीत आता अव्वा डेअरीच्या दुधाचा हिशोब मांडते. कोरी पानं बरीच होती.

पाकिटात चार पानांचं पत्रही होतं. गणिताचा कागद शोधला, तो काही आत नव्हता. म्हणून वाचलं नाही.

तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. बरे असतील.

सिद्धेश्वरी